खाऱ्या पाण्यातला साबण

ईरा, निहार,

तुम्ही दोघंही मराठी सावकाश वाचता, म्हणून वाक्यं शक्यतो लहान ठेवीन. मधेमधे वऱ्हाडी येईल. ती मोठ्यानं वाचा, म्हणजे कळेल. नाहीच कळली तर बाबाला फोन करा. आपण वऱ्हाडी विसरलेलो नाही, असं तो म्हणतो.

आत्ताच का लिहायला बसले, त्याची दोन कारणं आहेत. आपल्या तालुक्यातली काही मंडळी दरवर्षी दिवाळी अंक काढतात. "तुमच्या साबणाच्या कारखान्यावर लिहा" असं त्यांनी मला यंदा तिसऱ्यांदा सांगितलं. दुसरं कारण ईरा, तू. उन्हाळ्यात तू फोनच्या कॅमेऱ्यासमोर मलमाची बाटली धरलीस आणि विचारलंस, "आजी, यावर सेरामाइड लिहिलंय. ते काय असतं? तू केमिस्ट्री शिकलीस ना?" मी सांगितलं, की ते त्वचेतलं स्निग्ध द्रव्य असतं, साबणानं कमी होतं, म्हणून वरून लावतात. तू "ओके, थँक्स" म्हणालीस आणि फोन ठेवलास. माझं उत्तर बरोबर होतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं माझ्याबरोबर साबण करणाऱ्या वच्छलाबाईचं आहे. ती यंदा भाद्रपदात गेली. ती होती तोवर हे लिहायचा धीर मला झाला नाही.

कारखाना हा शब्द फार मोठा आहे. संग्रामपूरच्या बाहेर, रस्त्याला लागून, पत्र्याची एक लांब शेड होती. शेजारी तुमच्या पणजोबांचा तेलाचा घाणा होता, विजेवर चालणारा. तिथे सरकी, करडई आणि मोहाच्या बिया गाळत. मोहाच्या बिया सातपुड्यातली माणसं पोत्यांनी आणून टाकत. मी नागपूरच्या कॉलेजातून इंग्रजीत रसायनशास्त्र शिकून या घरात आले होते. घाण्याच्या तळाशी राहणारं गढूळ तेल लोक कवडीमोल भावानं नेतात, हे बघवेना. त्याचा साबण करायला मी घरातल्या पातेल्यात सुरुवात केली. सासूबाईंनी पातेलं परत मागितलं नाही, कारण ते मागण्यासारखं उरलं नव्हतं.

साबण करणं अवघड नाही. तेल कोमट करायचं, कॉस्टिक सोड्याचं पाणी हळूहळू सोडायचं आणि लाकडी दांड्यानं ढवळत राहायचं. पिठल्यासारखं घट्ट झालं की साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी तारेनं वड्या कापायच्या आणि फळ्यांवर महिनाभर वाळत ठेवायच्या. अवघड एवढंच, की कॉस्टिक जास्त झालं तर साबण अंग जाळतो आणि कमी झालं तर तेलकट, खवट होतो. ते तपासायला मी फिनॉल्फ्थॅलीनची बाटली ठेवली होती. वडीवर थेंब टाकायचा. गडद गुलाबी झाला तर वडी अजून तयार नाही. वच्छलाबाई जीभ लावून पाही.

"वैनी, झोंबते. आठ दिस ठेवा," ती सांगे.

मी थेंब टाके. थेंब गुलाबी होई. पुढे पुढे मी थेंब आधी टाकू लागले आणि तिला नंतर विचारू लागले, तरी उत्तर तेच येई. माझ्या बाटलीचा खर्च तिला पटत नसे. "त्या बाटलीले जीभ असती तं तिनं बी हेच सांगतलं असतं," असं ती म्हणायची.

शेडमध्ये पहिल्यापासून असलेली ती एकटीच. नंतर बायका वाढत जाऊन अकरा झाल्या. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी होती. तरी मी तिला अगं-तुगं करत होते आणि ती मला वैनी म्हणत होती. हे मला चाळीस वर्षांत खटकलं नाही. लिहिताना खटकतं आहे.

तिची कातडी जन्मापासून कोरडी होती. पोटऱ्यांवर बारीक खवले दिसत, तिच्या आईच्याही तसेच होते. थंडीत तिच्या बोटांना सगळ्यांच्या आधी भेगा पडत. त्यावरून मी एक नियम केला, आणि या नियमाचा मला फार अभिमान होता. साबणाचा नवीन घाणा काढला, म्हणजे तेलांचं प्रमाण बदललं, की ती वडी आधी पंधरा दिवस वच्छलाबाईनं वापरायची. अंगाला, हाताला, भांड्यांना, सगळीकडे तीच. तिच्या हाताला चालली तर कुणालाही चालेल. माझ्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना होता. त्यात मी "वच्छला: ठीक" किंवा "वच्छला: नाही" असं लिहीत असे. मोठ्या कंपन्या असल्या चाचण्यांसाठी प्रयोगशाळा बांधतात, आणि आपल्याकडे एक बाई आहे, असं मी पाहुण्यांना हसत सांगत असे. पाहुणेही हसत.

आता पाण्याविषयी सांगते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो. तिथल्या विहिरींचं, बोअरचं पाणी खारं. साबणाचं आणि या पाण्याचं वैर आहे. पाण्यातले क्षार साबणाला धरून ठेवतात आणि दूध नासावं तसा तो फाटतो. फेस येत नाही, अंगावर आणि बादलीवर पांढुरका थर बसतो. डोंगराकडच्या गावांत माझ्या साबणाचं नाव होतं. पूर्णेकडे गेलं की माझी फजिती होई.

पातुर्ड्याच्या बाजारात एक बाई अर्धी वडी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली होती. "घ्या तुमचा दगड वापस. ईट घासली तरी याच्याहून जास्त फेस येते." तिच्या मागे उभ्या म्हाताऱ्यानं भर घातली, "अन् झोंबत बी नाई. झोंबल्याबिगर मळ निंघते का?" मी त्याला समजावायला गेले, की झोंबणं म्हणजे स्वच्छता नव्हे. तो म्हणाला, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. पण मळ माया हाय."

त्या पट्ट्यातले लोक मग काय करत? कपड्याची पावडर अंगाला लावत. पावडरीला खारं पाणी चालतं, तिचा फेस फाटत नाही. मी स्वतः पाहिलं आहे, एक आई तान्ह्या मुलाला कपड्याच्या पावडरीनं न्हाऊ घालत होती. मला राग आला. पण दुसऱ्या कशाला फेस येत नाही, तिथे तिनं दुसरं काय करावं?

तेव्हा आमचे सगळ्यात मोठे दुकानदार गोकुळशेठ मला म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक साबण घेते नाकानं अन् फेसानं. रसायनशास्त्रानं नाही घेत. दिवाळीपर्यंत फेस आणा, नाही तर मले दुसऱ्याचा माल ठेवा लागीन." शेडमध्ये हे सगळ्यांनी ऐकलं. अकरा जणींनी एकदम हात थांबवले, इतकं मला आठवतं.

फेस आणायची वस्तू बाजारात मिळते. तिला आमच्या धंद्यात ॲसिड स्लरी म्हणतात. काळपट, काकवीसारखी दाट. सोड्यानं तिचं आम्ल मारलं की कपड्याच्या पावडरीतलं मुख्य द्रव्य तयार होतं. मी ती थोडी, फार थोडी, अंगाच्या साबणात घालायचं ठरवलं. माझा हिशेब साधा होता: लोक निव्वळ पावडर अंगाला लावतातच, त्यापेक्षा माझी वडी सौम्य असेल. हे खरं होतं. आजही ते खरं आहे. म्हणूनच मला ते आणखी जड जातं.

पहिला घाणा वाळला. खाऱ्या पाण्याची एक कळशी मुद्दाम मागवून आम्ही वडी चोळली. फेस कोपरापर्यंत आला. बायका पोरींसारख्या हसल्या. रुखमाबाईनं, जी सगळ्यांत तोंडाळ होती, तो फेस वच्छलाबाईच्या गालाला लावला आणि म्हणाली, "घे व वच्छले, नवरी दिसून राह्यली."

नियमाप्रमाणे वडी वच्छलाबाईकडे गेली. पंधरा दिवसांनी मी वही उघडली आणि तिला हाक मारली.

ती आली. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापर्यंत मेंदी होती, अगदी दाट.

"अगं, या वयात?" मी म्हटलं.

"पुतणीचं लगन होतं ना वैनी. पोरींनी धरून लावली. आयकतात का त्या?"

"आणि साबण?"

"चालते."

"नक्की? आग वगैरे?"

"हाव ना. मस्त हाय. फेस तं असा येते!" असं म्हणत तिनं हात हवेत फिरवले. मी लिहिलं, "वच्छला: ठीक." तिच्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका आपल्या घरी आली नव्हती, हे मला सुचलं नाही. तिच्या घरचं एकही कार्य आम्हाला बोलावल्याशिवाय झालेलं नव्हतं.

साबण चालला. खारपाणपट्ट्यातून मागणी यायला लागली. दोन दिवाळ्या, दोन पोळे गेले. एका शेतकऱ्यानं पोळ्याला आमच्या वडीनं बैल धुतले आणि मला येऊन विचारलं, "बैलाले काई झालं नाई, बायकोचे हात काऊन फाटले?" मी त्याला सांगितलं, की बायकोला धुणी-भांडी रोज असतात, बैलाला आंघोळ वर्षातून एकदा. तो खूश होऊन गेला. मीही माझ्या हजरजबाबीपणावर खूश झाले. तो प्रश्न चांगला होता. मी त्याचं उत्तर शोधायला हवं होतं.

वच्छलाबाई मात्र हळूहळू बदलली. जीभ लावून पाहणं तिनं सोडलं. माल देताना वड्या पदरात धरून देऊ लागली. वड्यांवर ठसा उमटवायचं काम ती अनेक वर्षं करत होती, ते तिनं रुखमाबाईला दिलं आणि स्वतः वाळलेल्या वड्या मोजायला बसली. वय झालं, असं मला वाटलं.

मग तिनं एका महिन्यात चौथ्यांदा अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली.

"कशाला गं?"

"रेशनच्या दुकानात जाचं हाय."

"तीनदा गेलीस ना?"

"गर्दी होती."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून मी म्हटलं, चल, मीही येते. ती नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही.

दुकानात अंगठ्याचं यंत्र नवीन आलं होतं. अंगठा काचेवर ठेवायचा. सरकारी नोंदीतल्या ठशाशी जुळला की धान्य मिळायचं. वच्छलाबाई विधवा, कार्ड तिच्या एकटीच्या नावावर. तिनं उजवा अंगठा ठेवला. यंत्रानं नाही म्हटलं. डावा ठेवला. नाही. एकेक करून दहाही बोटं ठेवली. रांगेतले लोक पाहत होते. दुकानदार पोक्त माणूस होता, वाईट नव्हता. तो थकल्या आवाजात म्हणाला, "बुढे, दर खेपेले तेच. जाय, हात साबणानं चांगले धुऊन ये. मळ राह्यला असीन."

बाहेर टाकीजवळ साबणाची वडी ठेवली होती. आमचीच होती. वच्छलाबाई वाकली, हात ओले केले आणि चोळू लागली. फेस भरपूर आला. मी शेजारी उभी होते. आणि तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मी तिचे हात पाहिले. मेंदी नव्हती, पदर नव्हता. बोटांची टोकं चकचकीत आणि सपाट, भाजून बरी झालेल्या जागेसारखी. त्यांवर एकही रेषा नव्हती. उजव्या अंगठ्यावर चिघळून भरलेल्या भेगेचा आडवा वण. तळहात लाल. पाणी लागलं तसं तिनं ओठ आत ओढून घेतले.

"बस," मी म्हटलं. "बस, वच्छला. नको धुऊस."

"आता जुळीन," ती म्हणाली. "जरासा थांबा वैनी."

जुळला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला खामगावला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचे हात भिंगाखाली पाहिले, आई-बहिणींची चौकशी केली, काम विचारलं. मग मला विचारलं, "तुम्ही रसायनशास्त्र शिकलात ना? मग मी नीट सांगतो." त्यांनी सांगितलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. ईरा, तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर हे आहे.

त्वचेचा सर्वांत वरचा थर भाजीच्या पातळ पिशवीएवढाच जाड असतो. त्यात मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस पदर असतात आणि पदरापदरांत स्निग्ध लेप असतो, घडीच्या पोळीत तेलाचा हात फिरवतात तसा. हा लेप तीन द्रव्यांचा: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मोकळी स्निग्धाम्लं. तिन्हींचं प्रमाण नीट असेल तर त्यांचे रेणू पंगतीत मांडीला मांडी लावून बसल्यासारखे बसतात. मधून कुणी घुसू शकत नाही.

साबणाचा किंवा स्लरीचा रेणू बेडकाच्या पिल्लासारखा असतो. डोक्याला पाण्याची ओढ, शेपटीला तेलाची. शेपटीनं मळातलं तेल धरायचं आणि डोक्यानं पाण्यात ओढून न्यायचं, एवढंच त्याचं काम. मळाचं तेल कोणतं आणि अंगाचं कोणतं, हे त्याला कळत नाही. पंगत दाट असली तर शेपटीला फट मिळत नाही आणि रेणू पाण्याबरोबर वाहून जातो. पण काहींच्या त्वचेत जन्मतःच यातलं एखादं द्रव्य कमी असतं. तिथे पंगतीत जागा रिकाम्या राहतात. शेपूट आत शिरते, शेजारच्याला उठवते, आणि एक उठला की पंगत मोडायला वेळ लागत नाही. मग आतलं पाणी बाहेर जातं, बाहेरचं तिखट द्रव्य आत जातं. म्हणून एकाच साबणानं, एकाच पाण्यात दहा बायकांच्या हातांना काही होत नाही आणि अकरावीचे फाटतात. दोष एकट्या साबणात नसतो, एकट्या हातातही नसतो. आणि स्लरीची शेपूट आमच्या साध्या साबणाच्या शेपटीपेक्षा फार घुसखोर.

मी त्यांना माझी पंधरा दिवसांची चाचणी सांगितली. वहीसुद्धा नेली होती. त्यांनी "वच्छला: ठीक" वाचलं, वच्छलाबाईकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "माणूस उत्तम निवडलात, ताई. फक्त परीक्षा तोंडी का ठेवलीत?"

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. जलंब गाव मागे पडलं. मग मी विचारलं, "मेंदी कशाला लावली होतीस?"

"लाल दिसत होते ना. चवथ्याच दिशी फुटले होते हात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं, चालते का. मी म्हटलं, चालते."

"खोटं सांगितलंस."

"हाव." ती खिडकीबाहेर पाहत होती. "अकरा जणी होत्या वैनी. रुखमाची पोरगी कॉलेजात होती. शेठ तं सांगूनच गेल्ता. माया एकटीच्या हातापायी नाई म्हणू का? अन् तुमाले बी हावच पाह्यजे होतं."

मी म्हटलं, "मला खरं हवं होतं."

"मंग हात पाहाचे होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. वड्या मोजताना आकडा सांगावा, तसं तिनं ते सांगितलं.

मी स्लरी बंद केली. त्याच आठवड्यात. शेडमध्ये सगळ्यांना बसवून कारण सांगितलं. वच्छलाबाई खाली मान घालून बसली होती. रुखमाबाई उभी राहिली. "आमच्या हाताले तं काई नाई झालं, वैनी. हे पाहा." तिनं खरंच दोन्ही हात पुढे केले. "एकीसाठी सगळ्याईचं काम जाईन."

सगळ्यांत मोठ्यानं नको म्हणाली ती वच्छलाबाईच. "मले शेडीत झाडू मारू द्या. साबणाले हात लावत नाई मी. पण बंद नोका करू."

मी म्हटलं, प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. हा साबण किती घरांत जातो, त्यांत तुझ्यासारखे हात किती असतील, तान्ही मुलं किती असतील, ते माझ्या वहीत नाही. हे मी बरोबर बोलले. आजही मी तेच बोलेन. पण बरोबर बोलल्यानं पुढे जे झालं त्यात काही कमी झालं नाही.

मी खूप प्रयत्न केले. हातमोजे आणले, ते आठवड्यात फाटले. करडईचं तेल वाढवून पाहिलं. करडईत लिनोलिक आम्ल भरपूर असतं, आणि आपलं शरीर सेरामाइड घडवताना तेच वापरतं. साबण सौम्य झाला, पण मऊ पडला, आणि खाऱ्या पाण्यात पुन्हा दगड. गोकुळशेठनी एक हंगाम दम धरला, मग दुसऱ्याचा माल ठेवला. खारपाणपट्टा परत पावडरीवर गेला. दीड वर्षात अकराच्या चार झाल्या, मग दोन, मग मी कुलूप लावलं. रुखमाबाई मुलीकडे अकोल्याला गेली. जाताना मला भेटायला आली नाही.

वच्छलाबाईचे हात डॉक्टरांच्या मलमानं आणि रोजच्या करडईच्या तेलानं बरेचसे भरले. लाली गेली, आग गेली. बोटांवरच्या रेषा काही ठिकाणी परत आल्या, पण अंगठ्यावरचा वण राहिला आणि यंत्राला तिची ओळख पटली नाही ती नाहीच. तिची मुलगी गया विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा कार्डात तिचं नाव चढलं. मग गयाच्या अंगठ्यावर घरात धान्य येऊ लागलं. त्या दिवशी वच्छलाबाईनं मला पोळीभाजी खायला बोलावलं होतं. मी गेले. जेवण झालं, ती सुपारी कातरत होती, आणि तिनं एकाएकी विचारलं, "वैनी, माये हात बी गेले अन् शेड बी गेली. मंग मी खोटं बोलली कायले?"

निहार, तू लहानपणी कोडी घालायचास आणि उत्तर आलं नाही की मला चिडवायचास. या कोड्याचं उत्तर मला अजून आलेलं नाही. ती खोटं बोलली नसती, तर शेड दोन वर्षं आधी बंद पडली असती. रुखमाबाईच्या मुलीचं कॉलेज त्या दोन वर्षांतच पूर्ण झालं. हे मी तेव्हा तिला सांगायला हवं होतं. मला ते घरी परत आल्यावर सुचलं. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगेन म्हटलं, आणि सांगितलं नाही. वाटलं, तिच्या हातांवर आपण आपलं समाधान मिळवतो आहोत.

माझी चूक मी नीट मांडून ठेवते, कारण चुका नीट मांडाव्यात अशी माझी सवय आहे. तिची त्वचा सर्वांत नाजूक, म्हणून मी तिला निवडलं, ते शास्त्राला धरून होतं. पण जिची भाकरी माझ्या हातात होती तिलाच मी विचारत होते, की माझा साबण कसा आहे. असं विचारलेल्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. फिनॉल्फ्थॅलीनला कुणाचं पोट भरायचं नसतं, म्हणून ते खरं बोलतं. हे मला इंग्रजीत कुणी शिकवलं नव्हतं आणि मराठीत मी विचारलं नव्हतं.

ती शेवटी तीन आठवडे अंथरुणावर होती. मी रोज दुपारी जात असे. गया तिचं अंग पुसायची, मी हातांना तेल लावायचे. एकदा तिनं हात ओढून घेतला. "राहू द्या वैनी. तुमी कायले?" मी म्हटलं, "गप बस गं." मग तिनं हात सैल सोडला. तळहात अगदी मऊ झाला होता. हे मी तिला सांगितलं. "आता काय करू मऊ होऊन?" ती म्हणाली आणि हसली. त्यानंतर ती चार दिवस होती.

शेडचे पत्रे मागच्याच महिन्यात उतरले. जागा तुमच्या बाबानं सांगितल्याप्रमाणे विकून टाकली. माझी वही माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी कुणाला हवी असेल तर कळवा, नाही तर ती माझ्याबरोबर जाईल.

गया घरच्या चुलीवर करडई आणि मोहाच्या तेलाचा साबण करते, महिन्याला तीस वड्या. ज्यांच्या घरात कोरड्या कातडीची मुलं आहेत, अशी सहा घरं त्या नेतात. फेस कमी येतो. वडी देण्याआधी गया प्रत्येक मुलाचे हात स्वतः पाहते.

तुमची,
आजी